व्यवसाय : गुळव्या

सुरुवातीलाच माफी मागतो. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात कोण लिहितं ते मी गेली चार वर्षं वाचतो आहे, आणि त्या माणसांच्या रांगेत उभं राहण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. मी आजवर लिहिले ते प्रयोगशाळेचे अहवाल, तेही जर्मन वाक्यं तीन-तीनदा तपासून. आमच्या घरात काही लिहून ते चारचौघांना वाचायला देणारा मी पहिलाच, त्यामुळे ‘हे ठीक आहे का’ असं विचारायलाही घरात कोणी नाही. तरीही लिहितो आहे, कारण गेल्या आठवड्यापासून रस्त्याकडेला पुन्हा बीट दिसायला लागलं आहे.

हायडेलबर्गच्या बाहेर ज्या गावात मी राहतो, तिथून ट्रामच्या थांब्यापर्यंत वीस मिनिटं शेतांतून चालावं लागतं. ऑक्टोबर सरत आला की या शेतांच्या कडेला साखरेच्या बीटांचे ढीग लागतात. माणसाच्या डोक्याएवढी, ओबडधोबड, मातीने माखलेली बीटं. मग एक दिवस एक अवाढव्य यंत्र येतं. इथले शेतकरी त्याला ‘उंदीर’ म्हणतात. ते पुढच्या दातांनी ढीग कुरतडत जातं आणि मागून बीट ट्रकमध्ये ओततं. ट्रक राइनच्या पलीकडे कारखान्याला जातात, जाताना रस्त्यावर चिखलाची ढेकळं सांडतात, आणि वारा पश्चिमेचा असला तर दुपारी एक वास येतो. उकळत्या रसाचा. गोड, पण त्यात माती आणि उकडलेल्या पालेभाजीची झाक. पहिल्या वर्षी तो आला तेव्हा मी सायकलवरून उतरून उभा राहिलो होतो. वास गुऱ्हाळाचाच होता, पण कुठेतरी बिनसलेला. आबा इथे असते तर नाक वर करून म्हणाले असते, मळी काढायचा आळस केलाय.

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठच्या एका गावात ते गुळव्या आहेत. उसाचा रस आटवला की गूळ होतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. तो नेमका कधी झाला, हे गुऱ्हाळावर एकच माणूस ठरवतो. मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत असतो, वर फेस चढत असतो, आणि काहिलीच्या कडेला तो उभा असतो. रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढायची, जाळ कमी करायला सांगायचं, वाढवायला सांगायचं. शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांत गोळी वळून बघायची. मग तो म्हणतो, “उतरवा.” एवढंच. मिनिटभर आधी म्हणाला तर ढेप बसत नाही, मिनिटभर उशीर केला तर गूळ काळा पडतो, आणि कुणाच्या तरी अख्ख्या वर्षाच्या उसाचं आदण, म्हणजे काहिलीभर रस, वाया जातं. लहानपणी त्या एका शब्दावर सहा दांडगी माणसं एकदम हलताना मी पाहिली आहेत. एरवी आबा घरात फार बोलत नाहीत.

मी सांगतो आहे तो शरद दोन वर्षांपूर्वीचा. माझं मास्टर्स संपलं होतं. विषय होता रासायनिक प्रक्रिया, त्यातही स्फटिकं कशी तयार होतात हा भाग. राहण्याचा परवाना वसंतापर्यंत होता. तोवर काही ठरलं नाही तर बॅग भरायची, हे स्पष्ट होतं. डॉक्टरेटसाठी एका ग्राडुइर्टेनशूलेत, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन-शाळेत, नऊ जागा होत्या आणि त्यातली एक अगदी माझ्या विषयाची. संशोधनाचा आराखडा तयार होता, गुणपत्रिका होत्या, प्राध्यापकांची पत्रं होती. राहिलं होतं एक पान. त्यांनी मागितलेलं ते पान असं होतं: तुम्ही कुठून आलात, तुमच्या वाटचालीत वेगळं काय आहे, आणि तुमच्या येण्याने आमच्या गटाच्या विविधतेत काय भर पडेल. एक पान, जास्त नाही.

आराखड्याची बारा पानं मी आठ दिवसांत लिहिली होती. या एका पानाला सहा आठवडे लागले, कारण विषयच ठरत नव्हता. पोर्टलवरचा तो रिकामा चौकोन उघडायचा, बघायचा, बंद करायचा. वेगळं काय? आमच्या गावात तर मी चारचौघांसारखाच होतो. वेगळा मी फ्रांकफुर्टच्या विमानतळावर उतरल्यावर झालो, आणि इथे येऊन वेगळं होणं यात माझं कर्तृत्व ते काय.

मग एका रविवारी र्युसेल्सहाइमला शिरीषदादांकडे जेवायला गेलो. शिरीषदादा पुण्याचे, मोटारींच्या ब्रेकवर काम करतात, आणि आमच्यासारख्या नव्या पोरांचे अर्ज वाचून देणं हा त्यांचा सुट्टीचा छंद. मुग्धावहिनींनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पुरण ढवळताना त्या म्हणाल्या, फ्रांकफुर्टच्या दुकानातला गूळ आहे, बघ बरं कसा आहे. मी खडा तोंडात टाकला आणि अगदी नकळत म्हणून गेलो की यात साखर मिसळली आहे. वहिनी हसल्या. मला मात्र आपण दुसऱ्याच्या घरी आगाऊपणा केला असं वाटून कानकोंड्यासारखं झालं.

शिरीषदादांनी वही काढली. आल्झो, तर मग, म्हणाले, या लोकांना गोष्ट हवी असते. तुमच्याकडे दुष्काळ आहे का?

“नाही हो, नदी आहे. पूर येतो.”

“मग पूर लिही की. घरात पाणी शिरलं, वह्या भिजल्या, वगैरे.”

“आमचं घर माळावर आहे. तिथे पाणी येत नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुझी परिस्थिती फारच चांगली आहे रे,” ते म्हणाले, आणि आम्ही तिघेही बराच वेळ हसत होतो.

मग हसू ओसरल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं, घरात शिकलेलं कोण? मी म्हटलं, कोणी नाही. आबा चौथी, आई दुसरी, ताई दहावीनंतर लग्न होऊन गेली. गेनाऊ, अगदी बरोबर, शिरीषदादा म्हणाले, हाच तुझा विषय. पहिल्या पिढीचा विद्यार्थी. इथे सुद्धा त्याला फार महत्त्व आहे. फक्त हात आखडता घेऊ नकोस, जेवढी कमतरता दाखवशील तेवढी उंची जास्त दिसेल. ते मनापासून सांगत होते. त्यांच्यामुळे चार-पाच जणांना जागा मिळाल्या होत्या, हे मला माहीत होतं.

त्यांची मुलगी ईरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. ती आतापर्यंत पोळीचे तुकडे करत ऐकत होती. तिने विचारलं, तुझे बाबा काय करतात? मी जर्मनमध्ये म्हणालो, साखरेचं काम. कारखान्यात? मी हो म्हणालो. ती परत पोळीकडे वळली. साधा प्रश्न होता आणि नऊ वर्षांच्या मुलीने विचारला होता. तिच्याशी खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं, याची खंत मला र्युसेल्सहाइमहून परतताना एस-बानच्या गाडीत वाटत राहिली. गूळ या शब्दासाठी जर्मनमध्ये चार शब्द खर्चावे लागतात, आणि गुळव्यासाठी तर चार वाक्यं. तेवढी तसदी मी घेतली नव्हती.

त्या आठवड्यात पान लिहून झालं. शिरीषदादांनी वाचून ‘जबरदस्त’ असं उत्तर पाठवलं. सुरुवात इंग्रजीत होती. तिचा अर्थ असा, ‘माझे वडील एक अकुशल शेतमजूर असून त्यांना जेमतेम लिहिता-वाचता येतं.’ पुढे अंधारातून प्रकाशाकडे जाणारा मी होतो. वाक्यं छान जमली होती. मी ते पाठवलं नाही, कारण मुदतीला दोन आठवडे होते. दुसरं कोणतंही कारण तेव्हा मला सांगता आलं नसतं.

दर रविवारी सकाळी मी घरी फोन करतो. तेव्हा तिकडे दुपार असते. आईला मी अर्जाचं सांगितलं होतं, आणि ती फोनवर नेहमी विचारायची, त्या लोकांचं काय अडलंय? मी सोपं करून सांगितलं की मी कुठल्या घरातला, ते लिहून द्यायचं आहे. मागून आबांचा आवाज आला, “दाखला लागंल मग.”

मी म्हटलं, नाही आबा, इथे दाखला लागत नाही, आपण लिहिलं की ते मानतात.

“बिनदाखल्याचं कोण मानतंय,” आबा म्हणाले, आणि उठून गेले.

आता मला वाटतं, त्यांचं काय चुकलं? माझं सगळं शिक्षण दाखल्यांवर झालं. रहिवासी, उत्पन्नाचा, जातीचा. एकाची मुदत संपायची तोवर दुसऱ्याची वेळ यायची. बारावीच्या निकालानंतरचा सगळा उन्हाळा आबा तालुक्याच्या खिडकीसमोर उभे होते. पिशवीत कागद, कागदांना प्लॅस्टिक, प्लॅस्टिकला रबर. खिडकीपलीकडचा माणूस ‘उद्या या’ म्हणाला की ते उद्या यायचे. आम्ही कोण आहोत हे सांगायला आमचं बोलणं कधीच पुरेसं नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी लिहून, खाली शिक्का मारून द्यावं लागायचं. मग जर्मनीतल्या लोकांनी एवढ्या लांबून विचारलं आहे, तर ते नुसत्या तोंडच्या बोलण्यावर विश्वास ठेवतील असं त्यांना का वाटावं?

दहा दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. ग्रामपंचायतीचं लेटरहेड, जरा तिरकं, कोपऱ्यात कागद धरलेला आबांचा अंगठा. ‘दाखला देण्यात येतो की’ अशी सुरुवात, खाली आबांचं पूर्ण नाव, मौजे अमुक येथील कायमचे रहिवासी. पुढे, यांच्या घरात आजवर कोणीही महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले नसून त्यांचा मुलगा हा पहिलाच आहे. वैविध्याचा दाखला कसा असतो हे ग्रामसेवकाला माहीत नसावं, पण त्याने बिचाऱ्याने बरोबर लिहिलं होतं. सगळा मजकूर छापलेला. फक्त एका ओळीत खाडाखोड. ‘व्यवसाय : शेतमजुरी’ यातला दुसरा शब्द पेनाने आडवा कापलेला, त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं ‘गुळव्या’, शेजारी ग्रामसेवकाची सही, आणि त्या सहीवर पुन्हा एक गोल शिक्का.

मी ट्रामच्या थांब्यावर होतो. फोटो मोठा करून तो निळा शब्द बघत राहिलो, आणि एक ट्राम गेली.

काय झालं ते आईने फोनवर सांगितलं. हंगामाचे पहिलेच दिवस, गुऱ्हाळ नुकतंच पेटलेलं. आबांनी त्या दिवशीचं आदण शेजारच्या गावातल्या गुळव्यावर सोपवलं. असं त्यांनी ताईच्या लग्नातही केलं नव्हतं. ग्रामसेवक तरुण आहे, स्वभावाने चांगला. त्याने कागद छापून हातात दिला, आबांनी चष्मा लावून तो अक्षर-अक्षर वाचला आणि परत दिला. म्हणाले, व्यवसाय चुकलाय. ग्रामसेवक म्हणाला, काका, संगणकात गुळव्या नाही. शेतकरी आहे, शेतमजूर आहे, नोकरी, व्यापार आणि इतर. इतर टाकू का?

“इतर म्हंजे कोण?” आबांनी विचारलं.

त्याने संगणकाकडे बोट दाखवलं. आबा समोरच्या बाकड्यावर जाऊन बसले. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. पाणी प्यायला उठले, परत येऊन बसले. जेवायची वेळ टळली तेव्हा ग्रामसेवकच कंटाळून बाहेर आला आणि म्हणाला, काका, तिकडं परदेशात हे कोण बघतंय? त्यावर आबा जे बोलले ते आईने मला दोनदा सांगितलं. “पोरगं तितं रसाचंच शिकतंय. त्येचा बाप कोण म्हणून विचारल्यात, आन् म्या इतर म्हणून जाऊ?”

मग त्याने पेन काढलं.

आई हे हसत सांगत होती. तिच्या मते आबांचा हेकेखोरपणा म्हातारपणी वाढत चालला होता. मीही हसलो. पण लॅपटॉपवर माझं पान उघडंच होतं, आणि त्याच्या पहिल्या ओळीत मी आबांना जे म्हटलं होतं, ते म्हणायला ग्रामसेवकाच्या संगणकालाही जमलं नसतं. त्याने निदान ‘अकुशल’ लिहिलं नव्हतं. ती ओळ मी खोडली, आणि मग तिच्याखालचं काहीच उभं राहीना, म्हणून सगळं पान खोडलं. मुदतीला चार दिवस होते.

मला विषय मिळाला होता, माहिती मात्र नव्हती. हे लिहितानाही संकोच वाटतो. मी गुळव्याचा मुलगा, पण काहिलीजवळ मला आबांनी कधी उभं राहू दिलं नाही. “हिकडं नगं, पुस्तक घे,” एवढंच म्हणायचे. आणि मला ते बरंच वाटायचं. कॉलेजात गेल्यावर तर मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता. स्फटिकं कशी बनतात यावर मी परक्या भाषेत दीडशे पानांचा प्रबंध लिहिला, आणि तीस हंगाम ती बनवणाऱ्या माणसाशी आठवड्याला एकदा हवापाण्यावर बोलत होतो.

तेव्हा मी फोन केला आणि म्हटलं, आबा, उतरवा कधी म्हणायचं, ते कसं कळतं?

ते आधी टाळत राहिले. त्यात काय सांगायचं, कळतंय. मग म्हणाले, रस बोलतो. सुरुवातीला तो बडबडतो, पाण्यासारखा. मळी निघाली की आवाज स्वच्छ होतो. नंतर दाटत जातो, बुडबुडा जड होतो, फुटताना ‘फट’ असा सुटा वाजतो, आणि दोन फटांमधलं अंतर वाढत जातं. ते अंतर किती झालं की झालं, हे मोजून सांगता येत नाही; पण कान आधी ओळखतो, मग गोळी वळायची ती फक्त स्वतःची खातरजमा म्हणून. ऊस खोडव्याचा, तोडणीनंतर पुन्हा फुटलेला, असेल तर आवाज वेगळा. पावसात भिजलेल्या उसाचा वेगळा. चिपाड ओलं असेल तर जाळ ढिला, मग रसही आळसावतो. मी वहीत उतरवून घेत होतो आणि मधे मधे विचारत होतो. पाऊण तास झाला. आबांना एवढं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात साधारण हेच बघायला एक महागडं उपकरण आहे. ते बुडबुड्यांचा आवाज ऐकत नाही, आणि तो ऐकून पाहावा असं आजवर कुणाला सुचलेलं नव्हतं.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, “त्ये लोक हसायचं न्हाईत न्हवं?”

मी म्हणालो, नाही आबा.

खरं तर मला ठाऊक नव्हतं. पण त्या चार दिवसांत लिहिलेलं पान मी शिरीषदादांना दाखवलं नाही. त्यात अंधार नव्हता, प्रकाश नव्हता. एक माणूस होता, त्याचं काम होतं, त्या कामाला जे नाव आहे ते होतं, आणि ते नाव एका छापील कागदावर पेनाने का लिहावं लागलं ते होतं. शेवटी मी लिहिलं की तुमच्या गटात यंत्रांवर विश्वास ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही आहे; पण मी ज्या घरातून आलो तिथे ऐकणं हेही मोजणंच असतं, आणि ते मी आत्ता कुठे शिकायला लागलो आहे. वाक्य जरा मोठं झालं. तसंच ठेवलं.

डिसेंबरमध्ये मुलाखतीला बोलावलं. समोर तिघे होते. मी दाखल्याची छापील प्रत फोल्डरमध्ये ठेवली होती, दाखवायची म्हणून नाही, सोबत असावी म्हणून. मधल्या वयस्क प्राध्यापक बाईंनी माझं पान वाचलेलं होतं; त्यांनी विचारलं, तो कागद आहे का तुमच्याकडे? मी दिला. शिक्के पाहिल्यावर तिघांचेही चेहरे जरा सैलावले. शिक्क्यावरचा विश्वास या दोन्ही देशांत सारखाच आहे. बाईंनी निळ्या शब्दावर बोट ठेवलं आणि हे कसं म्हणायचं ते विचारलं. मी म्हटलं, गुळव्या. त्यांना ‘ळ’ जमेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, इतर दोघांनीही करून पाहिला, आणि त्या कोऱ्या, गरम, पांढऱ्या खोलीत माझ्या वडिलांच्या कामाचं नाव चार-पाच वेळा उच्चारलं गेलं. कोणी हसलं नाही. मग त्यांनी बुडबुड्यांच्या अंतराबद्दल पंचवीस मिनिटं प्रश्न विचारले. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला आली नाहीत, आणि मी तसं सांगितलं. म्हणालो, विचारून सांगतो. कुणाला, ते त्यांना कळलं.

पुढच्या रविवारी मी हे सगळं आबांना सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले. आई म्हणाली, दिवसभर ते नेहमीपेक्षा जरा ताठ चालत होते.

आज बीटांच्या ढिगाजवळून जाताना तो शरद आठवतो, तेव्हा मला अर्जाची धाकधूक तितकी आठवत नाही. आठवतं ते बाकडं, जे मी पाहिलेलंच नाही. त्यावर बसलेला, उपाशी, शांत माणूस आठवतो. मी सहा आठवडे शोधत होतो की माझ्यात सांगण्यासारखं काय आहे. त्यांना स्वतःबद्दल तो प्रश्न पडलेलाच नव्हता. त्यांना फक्त कागद दुरुस्त करून हवा होता.

निर्णय जानेवारीअखेर पोस्टाने कळवू, असं मुलाखतीनंतर सांगितलं होतं. जानेवारी संपला. फेब्रुवारीचे दोन आठवडे गेले. परवान्याची तारीख जवळ येत होती, मी खोलीतल्या वस्तूंचे फोटो काढून विकायला टाकले. सायकल गेली, टेबल गेलं. आबा दर रविवारी विचारायचे आणि मी ‘अजून नाही’ म्हणायचो. मग त्यांनीच विचारणं बंद केलं. त्याच सुमारास घरमालकाने जिन्यातल्या टपालपेट्या बदलल्या. नव्या पेटीवर नावाची चिठ्ठी आपली आपण लावायची असते, आणि ज्या पेटीवर नाव नाही त्या माणसाचं टपाल इथला पोस्टमन टाकत नाही, परत नेतो. जाणारच आहोत तर नाव कशाला लावायचं, असं म्हणून मी ती लावली नव्हती.

एका मंगळवारी सकाळी अकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. ग्राडुइर्टेनशूलेच्या कार्यालयातल्या बाई होत्या, आवाज थोडा त्रासलेला. म्हणाल्या, “हेर चौगुले, तुमचा करार आम्ही दोनदा पाठवला आणि दोनदा परत आला. बाकी आठ जणांच्या सह्या आल्या आहेत, तुमचीच राहिली आहे. तुम्हाला ही जागा हवी आहे ना?”